चाचणीपासून शेकापर्यंत: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आढावा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल वैद्यकशास्त्राला जेवढे ठाऊक आहे, तेवढे फार थोड्या कर्करोगांबद्दल ठाऊक आहे. त्याचे कारण सापडले आहे, तो होण्याआधीची अवस्था ओळखता येते, त्या अवस्थेतला उपचार काही मिनिटांत होतो आणि लस उपलब्ध आहे. कर्करोग झालाच आणि लवकर लक्षात आला, तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. तरीही २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. जगात या रोगाने वर्षाला साधारण साडेतीन लाख मृत्यू होतात. त्यांतल्या दर पाचांपैकी एकीहून अधिक स्त्रिया आपल्या देशातल्या असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या निघाल्या फक्त १.९ टक्के, म्हणजे शंभरात दोघीही नाहीत. ज्ञान आणि मृत्यू यांच्यातले हे अंतर कशामुळे पडते, हा या लेखाचा प्रश्न आहे. उपलब्ध पुरावा नीट वाचला तर उत्तर असे दिसते: आपल्याकडे चाचण्या आणि औषधे कमी आहेत हे खरे असले, तरी त्याहून मोठी उणीव क्रमाची आहे. आजार जेवढा, तेवढाच उपचार व्हावा आणि जो सुरू झाला तो पुरा व्हावा, हे या रोगाच्या मार्गदर्शनाचे सार आहे. आपल्या व्यवस्थेत याच्या दोन्ही बाजू मोडतात.

आधी रोगाची चाल पाहू. मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, हे या कर्करोगाचे कारण आहे. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८०च्या दशकात त्याचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये दाखवून दिले आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जगातले या रोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण या दोन प्रकारांच्या वाट्याला जातात. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर तो ठाण मांडतो, तिथल्या पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलांपैकी काहींचा पुढे कर्करोग होतो. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षे लागतात, ती दुबळी असेल तर पाच ते दहा. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना धोका सुमारे सहापट असतो, म्हणून त्यांची तपासणी लवकर, २५व्या वर्षापासून आणि कमी अंतराने करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतर स्त्रियांसाठी ३० हे वय धरले जाते. त्याआधी विषाणू सापडण्याची शक्यता जास्त असली तरी तो आपोआप जाण्याची शक्यताही तितकीच जास्त असते, आणि उगाच केलेल्या उपचाराने पुढच्या बाळंतपणाला त्रास होऊ शकतो. पंधरा वर्षांची ही मुदत निसर्गाने दिलेली आहे. ती वापरायची की वाया घालवायची, एवढेच आपल्या हाती उरते.

ती कशी वापरावी याचा जगातला सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्राच्या मातीत तयार झाला आहे. तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक चाचणी-अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची गावांच्या ५२ समूहांत विभागणी झाली. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी), तिसऱ्याची व्हिनेगर लावून नजरेने तपासणी झाली, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. पॅप आणि व्हिनेगर तपासणीच्या गटांत असा ठोस फरक दिसला नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्यांची चाचणी निर्दोष आली त्यांच्यातही फरक होता: पॅप किंवा व्हिनेगर तपासणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही-निर्दोष स्त्रियांच्या सुमारे चौपट निघाले. म्हणजे या चाचणीचे ‘नाही’ हे उत्तर दीर्घकाळ भरवशाचे असते. जिथे आरोग्यसेवा एका स्त्रीपर्यंत पाच-दहा वर्षांतून एकदाच पोचणार, तिथे याच गुणाचे मोल सर्वाधिक.

इथे एक वाजवी आक्षेप येतो. व्हिनेगर तपासणी स्वस्त आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे मिळतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या बारा वर्षांच्या अभ्यासात दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यातही ३५ टक्के घट दिसली. मग महागडी चाचणी हवी कशाला? उत्तर तपासणीच्या स्वरूपातच आहे. आरोग्यसेविका स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख उजेडात आणते, त्यावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा ठेवते, एक मिनिट थांबते आणि पाहते. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा, घट्ट कडांचा दिसू लागतो. पण सूज असली, पेशींची साधी वाढ असली, तरी फिकट पांढरेपणा येतोच, आणि पन्नाशीनंतर ज्या भागात रोग सुरू होतो तो भाग आत सरकल्याने डोळ्यांना दिसतच नाही. सगळा भार पाहणारीच्या नजरेवर पडतो. मुंबईत ती नजर नियमित प्रशिक्षण आणि देखरेखीने वर्षानुवर्षे तेज ठेवली गेली होती. वर्षाकाठी अनेक राष्ट्रीय कार्यक्रमांच्या नोंदवह्या भरणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते जमवणे अवघड आहे. एचपीव्ही चाचणीत नजरेचा हा प्रश्न नसतो, शिवाय नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. परक्यासमोर तपासणीच्या टेबलावर झोपण्याचा संकोच हाच जिथे मोठा अडसर आहे, तिथे ही सोय मोठी आहे. म्हणूनच २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणी हीच प्राथमिक चाचणी मानली आणि ती पाच ते दहा वर्षांनी करावी असे सांगितले. भारत सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात मात्र ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणी आहे. किमतीचा मुद्दा खरा आहे, पण तो कायमचा नाही. क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर पोचलेली गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रे एचपीव्ही चाचणीही करू शकतात. जिथे ती चाचणी अजून नाही, तिथे व्हिनेगर तपासणी चालू ठेवावी, पण तिला प्रशिक्षणाचा आणि फेरतपासणीचा खर्च जोडूनच. बिनखर्चाची म्हणून केलेली तपासणी खोटा दिलासा देते.

धाराशिवच्या अभ्यासावर नैतिक आक्षेपही घेतला गेला, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पॅप तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत आधीच दिसला होता. मग एका गटातल्या एकतीस हजारांवर स्त्रियांना तपासणीविना का ठेवले? संशोधकांची बाजू अशी की त्या भागात तपासणी मुळातच होत नव्हती, आणि गरीब देशात कोणती तपासणी चालेल हे तुलनेशिवाय कळले नसते. आक्षेपाचे वजन याने पूर्ण नाहीसे होत नाही. तुलनेच्या गटातले ६४ मृत्यू खऱ्या स्त्रियांचे होते, आणि त्यांच्या जिवावर जे कळले ते आज जगभरच्या मार्गदर्शनात वापरले जाते. त्याच मराठवाड्यात निष्कर्षानंतरही तपासणी नियमित पोचत नसेल, तर अभ्यासाच्या वेळी असलेला नैतिक प्रश्न आज सरकारच्या दारात उभा आहे.

चाचणीत दोष आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे सांगण्यात आपली व्यवस्था सर्वाधिक कमी पडते. विषाणू आहे असे कळले की बाईच्या मनात दोन भीती एकदम येतात: मला कॅन्सर झाला, आणि नवरा काय म्हणेल. पहिलीचे उत्तर असे की पुढच्या तपासणीत बहुतेक स्त्रियांच्या गर्भाशयमुखावर उपचार लागण्याजोगे काही सापडत नाही, आणि सापडले तरी ते बहुधा कर्करोगाआधीचे असते. दुसरीचे उत्तर असे की हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. तो कधी आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही, म्हणून तो कोणाच्याही वागण्याचा पुरावा ठरत नाही. ही दोन वाक्ये निकालाच्या कागदाइतकीच आवश्यक आहेत. पुढचा टप्पा साधा आहे. दुर्बिणीने, म्हणजे कोल्पोस्कोपने पाहून किंवा व्हिनेगर लावून बदललेला भाग ओळखायचा. तो गर्भाशयमुखाच्या नळीत आत शिरलेला नसेल, पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर तापवलेल्या टोकाने तो जाळून टाकता येतो. नाहीतर विजेच्या तारेच्या कड्याने तेवढाच तुकडा काढून तपासायला पाठवायचा. हे सगळे भरती न होता, स्थानिक भूल देऊन किंवा तीही न देता होते. ‘तपासा आणि त्याच भेटीत उपचार करा’ या पद्धतीने काहींवर गरज नसताना उपचार होतील, हा आक्षेप बरोबर आहे. पण दुसऱ्या भेटीला बोलावलेल्या बायका मजुरी, प्रवास आणि घर यांच्या ओढीत परत येत नाहीत. छोट्या, गर्भाशय राखणाऱ्या उपचाराचा थोडा अतिरेक आणि निसटलेल्या रोगाची किंमत यांत तराजू पहिल्या बाजूलाच झुकतो.

उपचाराचा खरा अतिरेक दुसरीकडे होतो. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा पाळीत जास्त रक्तस्राव या तक्रारी घेऊन आलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि ती काढली जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. यामागे मजुरी आहे, मुकादमाची उचल आहे, फडावर शौचालय आणि पाणी नसणे आहे, आणि कॅन्सरची भीती दाखवून झालेले धंदे आहेत. पांढरे जाणे हे बहुतेक वेळा साध्या संसर्गाचे लक्षण असते आणि गोळ्यांनी बरे होते. कर्करोगाआधीचा बदल असेल तर वर सांगितलेला छोटा उपचार पुरतो. आणि कर्करोग खरोखरच असेल, तर न तपासता केलेली साधी पिशवीची शस्त्रक्रिया घातकच ठरते. रोगाच्या कडा आत राहतात, पुढचे उपचार अवघड होतात, आणि बाईला शस्त्रक्रिया व शेक (किरणोपचार) या दोन्हींचा त्रास सोसावा लागतो. अंडाशयेही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी बंद होऊन हाडे झिजू लागतात. ज्या देशात शंभरात दोघींचीही तपासणी होत नाही, तिथे एवढ्या पिशव्या निघतात, हे विसंगत वाटते, पण ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. आजार मोजला जात नाही, म्हणून उपचाराला माप राहत नाही.

लक्षणे असलेल्या स्त्रीसाठी नियम वेगळा आहे, आणि त्यात घोळ होतो. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडणे, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणे, किंवा घाण वासाचा स्राव यांपैकी काहीही असेल, तर ती चाळणी-तपासणीची वेळ उरलेली नसते. अशा वेळी स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणे सक्तीचे आहे, आणि गाठ किंवा जखम दिसली की तिथला तुकडा काढून तपासायला पाठवायचा. पॅप तपासणी ‘नॉर्मल’ आली म्हणून गाठ दुर्लक्षित करणे ही गंभीर चूक आहे, कारण मेलेल्या पेशी आणि रक्ताने ती तपासणी फसते. अनेक दवाखान्यांत मात्र सोनोग्राफी आधी होते आणि गर्भाशयमुख कोणी पाहतच नाही. त्यात महिने जातात. रोगाची पायरी ठरवण्याचे नियम २०१८ साली बदलले. चार सेंटिमीटरपर्यंतची, गर्भाशयमुखातच असलेली गाठ लवकरची मानतात. रोग बाजूच्या आवरणात गेला, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचला किंवा मूत्रनलिका दाबून मूत्रपिंड फुगले, तर तो पुढच्या पायऱ्यांवर जातो. आता लसिकाग्रंथींत रोग आहे का हेही सीटी किंवा एमआरआयवरून धरले जाते. ही पायरी लिहून न ठेवता सुरू केलेला कोणताही उपचार अंदाजपंचे असतो.

लवकरच्या पायऱ्यांवर शस्त्रक्रिया चालते, आणि इथेही अलीकडचे पुरावे ‘जेवढा आजार तेवढा उपचार’ याच दिशेला बोट दाखवतात. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठींत साधी शस्त्रक्रिया मूलगामी, म्हणजे आजूबाजूच्या भागासह गर्भाशय काढण्याच्या, शस्त्रक्रियेइतकीच चांगली ठरते, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. तीन वर्षांत ओटीपोटात रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास होते. उलट २०१८ सालच्या एका अभ्यासाने दुर्बिणीच्या मूलगामी शस्त्रक्रियेचा मोह मोडला: साडेचार वर्षांनी पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९६.५ टक्के रोगमुक्त होत्या, दुर्बिणीवाल्यांपैकी ८६ टक्के. पुढच्या पायऱ्यांवर टाटा रुग्णालयाचे दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. एकात ‘आधी केमो, मग शस्त्रक्रिया’ या आपल्याकडे रूढ झालेल्या वाटेची केमोसह शेकाशी तुलना झाली. पाच वर्षांनी रोगमुक्त होत्या अनुक्रमे ६९.३ आणि ७६.७ टक्के. दुसऱ्या अभ्यासात तिसऱ्या पायरीच्या ८५० स्त्रिया होत्या. नुसत्या शेकाने पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या, आठवड्याला सिस्प्लॅटिन जोडल्यावर ५४ टक्के. सिस्प्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध आहे. त्याने शंभरात आठ स्त्रिया वाचतात.

शेकाचा उपचार दोन भागांत असतो. पाच आठवडे रोज बाहेरून किरण दिले जातात आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन. मग ब्रेकीथेरपी: भूल देऊन पोकळ नळ्या गर्भाशयात आणि योनीत बसवायच्या आणि त्यांतून किरणोत्सर्गी स्रोत थेट गाठीशेजारी न्यायचा. बाहेरच्या किरणांनी आतडी आणि मूत्राशय न भाजता जेवढी मात्रा देता येते, तेवढी गाठ संपवायला पुरत नाही. उरलेले काम ब्रेकीथेरपीच करते, आणि सगळे मिळून आठ आठवड्यांत संपायला हवे. उशीर होत जातो तसा रोग परतण्याचा धोका वाढतो. खेड्यातून आलेल्या बाईसाठी हे दोन महिने म्हणजे बुडालेली मजुरी, परगावी राहणे आणि घरात मागे राहिलेली मुले. पाच आठवड्यांनंतर रक्तस्राव थांबलेला असतो, बरे वाटू लागलेले असते, आणि नेमक्या त्या वेळी ती घरी जाते. हा तिचा अडाणीपणा म्हणता येणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना शेकाचा खर्च उचलते, पण निवास, प्रवास आणि बुडालेला रोज कोण उचलणार हे ठरलेले नसते. नव्या औषधांविषयीचा वादही याच संदर्भात पाहायला हवा. शेकाआधी सहा आठवडे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेल्याचे २०२४ साली दिसले. ही औषधे परवडणारी आहेत. पेम्ब्रोलिझुमॅबनेही फायदा दिसतो, पण त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. जिथे ब्रेकीथेरपी पूर्ण होत नाही, तिथे नव्या औषधाची भर घालणे म्हणजे पाया सोडून मजला चढवणे.

लशीबद्दल शंका घेणाऱ्यांना झटकून टाकणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा इथे झालेल्या लसीकरण प्रकल्पात संमती घेण्याच्या पद्धतीवर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले, आणि ते रास्त होते. त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू मात्र लशीमुळे झाल्याचे चौकशीत निघाले नाही. लस देणे थांबले, आणि भारतात चालू असलेला दुसरा अभ्यासही अर्धवट राहिला. त्यात काही मुलींना एकच मात्रा मिळाली होती. त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्रा पुरेशी मानली, त्यामागे हा पुरावा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीला परवानगी मिळाली. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांतून जवळजवळ सगळ्या पात्र मुलींना लस देऊन हे साधते हे दाखवले. पण लस आजच्या चाळिशीतल्या बाईला वाचवणार नाही, तिच्यासाठी तपासणीच हवी. लस आली म्हणून तपासणी मागे टाकणे म्हणजे आत्ताच्या पिढीला सोडून देणे होईल.

मुंबईच्या नोंदींनुसार या रोगाचे प्रमाण गेली काही दशके उतरत आहे, मग एवढी घाई का, असेही विचारले जाते. लग्नाचे वय वाढले, बाळंतपणे कमी झाली, स्वच्छता सुधारली, त्याने प्रमाण घटले हे खरे. पण त्या गतीने जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट, म्हणजे वर्षाला लाख स्त्रियांमागे चारांपेक्षा कमी रुग्ण, गाठायला दशके लागतील, आणि मधल्या काळात मरणाऱ्या स्त्रिया गरीब आणि खेड्यांतल्याच असतील. संघटनेने २०३० साठी ठरवलेले आकडे आहेत ९०, ७०, ९०: नव्वद टक्के मुलींना लस, सत्तर टक्के स्त्रियांची तपासणी, नव्वद टक्के बाधितांवर उपचार. यांतला शेवटचा आकडा आपल्याकडे सर्वांत कमी चर्चेत येतो. त्यात उपचाराच्या पलीकडे गेलेल्यांची वेदना कमी करणेही धरले आहे: मॉर्फिन, आणि ज्या दुर्गंधीमुळे रुग्ण स्त्री घरातही एकटी पडते ती कमी करणारी साधी औषधे. आपण शिबिरे मोजतो, तपासलेल्यांचे आकडे जाहीर करतो. त्याऐवजी प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी तीन आकडे छापावेत: दोष आढळलेल्यांपैकी कितीजणींवर उपचार झाला, शेक सुरू झालेल्यांपैकी कितीजणींचा ब्रेकीथेरपीसह आठ आठवड्यांत पुरा झाला, आणि चाळिशीच्या आत किती गर्भाशये कोणत्या निदानावर काढली गेली. पहिले दोन वाढले आणि तिसरा घटला, तर या रोगावर आपण मात करतो आहोत असे म्हणता येईल. तोवर शिबिरांच्या आकड्यांवर समाधान मानू नये.